घरच्या बिअरला नको तो वास: दोष नेमका कधी शिरला?

घरी केलेल्या बिअरचा पहिला घोट घेतला आणि भलतंच काही लागलं, की बहुतेकांच्या तोंडून एकच शब्द निघतो: 'इन्फेक्शन'. कुठून तरी जंतू शिरले, वीस लिटर बिअर वाया गेली, विषय संपला. जंतूंवरचा हा आळ बऱ्याचदा खोटा असतो. नवख्यांच्या बिअरमधले बरेचसे दोष त्यांनी स्वतः आणून कामाला लावलेल्या यीस्टचेच असतात. त्या यीस्टला उकाड्यात राबवलेलं असतं, नाहीतर काम अर्धवट असतानाच रजा दिलेली असते. म्हणून 'हा वास कसला' यासोबत 'हा वास कुठल्या टप्प्यावर शिरला' हेही विचारावं. टप्पा सापडला की कारण सापडतं, आणि कधीकधी बिअरही वाचते.

आधी टप्पे बघू. भरडलेलं माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य, बहुधा बार्ली) साधारण ६५ ते ६८ अंश सेल्सिअसच्या पाण्यात तासभर भिजवलं की त्यातल्या पिष्टाची साखर होते. ते गाळून मिळणारं गोड पाणी म्हणजे वर्ट. त्यात हॉप्स (कडवटपणा आणि वास देणारी एका वेलीची फुलं) घालून तासभर उकळायचं, झटपट गार करायचं आणि यीस्ट सोडायचं. आठवडा-दोन आठवडे आंबू द्यायचं, मग बाटल्या भरायच्या किंवा केगमध्ये, म्हणजे दाब सोसणाऱ्या पिंपात घ्यायचं. पाणी, भिजवण, उकळी, आंबवण, भरणी आणि साठवण. दोषाचा पत्ता यातलाच एक असतो.

कायद्याचं आत्ताच सांगून टाकतो. ब्रिटनमध्ये घरगुती बिअरसाठी परवाना घेण्याची अट १९६३ मध्ये गेली. अमेरिकेत १९७८ मध्ये जिमी कार्टर यांनी सही केलेल्या कायद्याने घरापुरत्या बिअरवरचा केंद्रीय कर उठला, तरी राज्यांचे नियम वेगळे होते. अलाबामा आणि मिसिसिपी ही शेवटची दोन राज्यं २०१३ मध्ये वाटेवर आली. महाराष्ट्रात मात्र १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली परवान्याशिवाय मद्य तयार करणं हा गुन्हा आहे, मग ते घरच्या घरी पिण्यापुरतं का असेना. तेव्हा करण्याबद्दलचं जे पुढे लिहिलंय ते न्यू जर्सी, लंडन किंवा मेलबर्नच्या स्वयंपाकघरातल्या मराठी मंडळींसाठी. चाखण्याबद्दलचं मात्र पुण्याच्या मायक्रोब्रुअरीत बसणाऱ्यालाही तितकंच उपयोगी पडेल.

लोण्याचा वास

सगळ्यात जास्त वेळ या एका दोषाला देतो, कारण तो समजला की यीस्ट कसं वागतं ते समजतं.

घोट घेताच लोण्याचा किंवा थिएटरातल्या बटर पॉपकॉर्नचा वास, आणि जिभेवर किंचित तेलकट बुळबुळीतपणा. हे डायअसिटिल. दह्याच्या विरजणातले काही जिवाणू हाच रेणू तयार करतात आणि ताज्या लोण्याच्या वासात त्याचा मोठा वाटा असतो. लोण्यात तो हवासा, बिअरमध्ये बहुधा नकोसा. लिटरमागे ०.१ मिलिग्रॅमच्या आसपास गेला की पुष्कळांच्या नाकाला कळतो. हलक्या लागरमध्ये, म्हणजे थंडीत सावकाश आंबवलेल्या बिअरमध्ये, त्याहून कमीही पुरतो, कारण तिथे त्याला लपायला जागाच नसते. काही जणांना तो फारसा जाणवतच नाही, म्हणून आपल्या बिअरचा निकाल आपण एकट्याने लावू नये. घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी हुंगायला द्यावी, पिणारा नसला तरी चालेल.

तो येतो कुठून? यीस्टला वाढण्यासाठी व्हॅलिन नावाचं अमिनो आम्ल लागतं. ते घडवताना मध्येच अल्फा-अ‍ॅसिटोलॅक्टेट हा पदार्थ तयार होतो आणि त्यातला थोडा पेशीतून बाहेर पाझरतो. बाहेर पडलेल्या त्या पदार्थाचं आपसूक, सावकाश डायअसिटिल होतं. त्यात यीस्टचा काही हात नसतो. पुढे यीस्ट हे डायअसिटिल परत आत ओढतं आणि ज्यांचा वास जवळजवळ येतच नाही अशा पदार्थांत त्याचं रूपांतर करतं. म्हणजे कच्चा माल यीस्टचा, डायअसिटिल होतं ते बाहेर, आणि निस्तरणारं पुन्हा यीस्टच. यातली मधली पायरी सगळ्यात संथ आहे. सगळा घोळ तिथेच होतो.

समजा सहाव्या दिवशी एअरलॉकमधले (आतला वायू बाहेर सोडणाऱ्या, पण हवा आत न घेणाऱ्या पाण्याच्या नळीतले) बुडबुडे थांबले. आंबवण संपली असं वाटून बिअर थंड केली, यीस्ट तळाशी बसलं, वरची नितळ बिअर बाटल्यांत भरली. भरताना चव घेतली तर उत्तम. पण अल्फा-अ‍ॅसिटोलॅक्टेट अजून बिअरमध्येच आहे आणि निस्तरणारं यीस्ट मागे राहिलंय. दोन आठवड्यांनी बाटली उघडावी तर लोण्याचा वास. मग बाटल्या नीट धुतल्या नव्हत्या, असं सगळे म्हणतात.

हे आधीच ओळखायची एक युक्ती आहे, मोठ्या ब्रुअरीतही वापरतात. आंबवण संपत आल्यासारखी वाटली की झाकणाच्या दोन बरण्यांत थोडी थोडी बिअर घ्यायची. एक ६० ते ७० अंशांच्या पाण्यात अर्धा तास ठेवायची, दुसरी बाहेर. मग दोन्ही सारख्या गार करून हुंगायच्या. उष्णतेने मधली पायरी भराभर उरकते, त्यामुळे जे दोन आठवड्यांनी बाटलीत होणार होतं ते अर्ध्या तासात समोर येतं. फक्त गरम केलेल्या बरणीला लोण्याचा वास आला तर कच्चा माल अजून शिल्लक आहे. दोन्हींना आला तर डायअसिटिल तयार आहे आणि यीस्टने ते उचललेलं नाही. दोन्ही वेळा उत्तर एकच: थांबा आणि ऊब द्या. दोन्ही बरण्या स्वच्छ निघाल्या तरच भरणीला लागा.

ऊब म्हणजे किती? लागर १० ते १२ अंशांवर आंबवत असाल तर साखर संपायला थोडी उरली असतानाच तापमान १८ अंशांच्या आसपास चढू द्यायचं आणि दोन-तीन दिवस तिथेच ठेवायचं. ब्रुअर लोक याला 'डायअसिटिल रेस्ट' म्हणतात. नावात विश्रांती असली तरी यीस्ट त्या दिवसांत कामावर असतं. एल ही उबेत आंबवायची जात, ती आधीच उबेत असते, तिला बुडबुडे थांबल्यावरही तीन-चार दिवस यीस्टवर राहू दिलं की बहुधा पुरतं. बुडबुड्यांवर विश्वास ठेवू नका, हायड्रोमीटरवर ठेवा. हायड्रोमीटर बिअरची घनता, म्हणजे ग्रॅव्हिटी मोजतो; साखर संपत जाते तशी ती उतरते. दोन दिवसांच्या अंतराने घेतलेली ग्रॅव्हिटी सारखी आली तर आंबवण थांबली.

अलीकडे भरपूर ड्राय-हॉपिंग केलेल्या, म्हणजे उकळीनंतर बिअरमध्येच हॉप्स घातलेल्या आयपीएमध्ये (इंडिया पेल एल, हॉप्सवर भर असलेली बिअर) हाच वास वेगळ्या वाटेने येतो. हॉप्समध्ये थोडे एन्झाइम असतात. यीस्टला न पचणाऱ्या मोठ्या साखरा ते तोडतात, यीस्टला नवं खाद्य मिळतं, संपलेली आंबवण परत सुरू होते आणि त्याबरोबर डायअसिटिलचा नवा हप्ता तयार होतो. याला हल्ली 'हॉप क्रीप' म्हणतात. गोष्ट मात्र जुनी आहे, ब्राउन आणि मॉरिस या इंग्रज रसायनतज्ज्ञांनी १८९३ मध्येच तिच्याबद्दल लिहून ठेवलं होतं. ड्राय-हॉप करून दुसऱ्या दिवशी थंड करणाऱ्यांनी ही बरण्यांची चाचणी चुकवू नये. ए.एल.डी.सी. नावाचं एन्झाइम आता घरगुती ब्रुअरनाही विकत मिळतं. ते अल्फा-अ‍ॅसिटोलॅक्टेटला डायअसिटिल होऊच न देता थेट पुढच्या, निरुपद्रवी पदार्थाकडे नेतं. काम चोख करतं. मात्र ते सुरुवातीलाच घालावं लागतं, कारण एकदा तयार झालेल्या डायअसिटिलला ते हात लावत नाही.

काही चेक लागर आणि 'बिटर' नावाच्या इंग्लिश बिअरमध्ये या वासाचा हलका स्पर्श चालतो, काहींना तो आवडतोही. मला नाही आवडत, पण तो दोष नव्हे.

हिरवं सफरचंद आणि नेलपॉलिश

अर्धवट कामाची दुसरी खूण म्हणजे अ‍ॅसिटाल्डिहाइड. कच्च्या हिरव्या सफरचंदाचा वास, कुणाला चिरलेल्या कच्च्या भोपळ्याचा वाटतो, कुणाला ताज्या रंगाचा. साखरेपासून अल्कोहोल होताना हा शेवटून दुसरा थांबा आहे. यीस्ट अशक्त असेल किंवा लवकर वेगळं केलं तर थोडा माल त्या थांब्यावरच राहतो. उपाय तोच: घाई करू नका, बिअर यीस्टवर राहू द्या. नव्या बिअरमध्ये हा वास आला तर घाबरायचं कारण नाही. महिन्याभराच्या जुन्या बाटलीत आला तर मात्र हवा शिरली असण्याची शक्यता जास्त, कारण तयार अल्कोहोलचं ऑक्सिडेशन होऊनही हाच पदार्थ बनतो.

सडक्या अंड्याचा वास बऱ्याच लागर यीस्टना आंबवताना येतोच. तो हायड्रोजन सल्फाइडचा. बाहेर पडणाऱ्या कार्बन डायऑक्साइडबरोबर तो उडून जातो. चार दिवस फर्मेंटरच्या (आंबवण्याच्या भांड्याच्या) खोलीत पाहुण्यांना झोपवू नये, इतकंच.

आता उकाड्याकडे. आंबवताना यीस्ट स्वतः उष्णता सोडतं. खोली २० अंशांवर असेल तरी जोरात फसफसणाऱ्या फर्मेंटरच्या पोटात २३-२५ सहज होतात. पाकिटावर लिहिलेलं तापमान हे बिअरचं असतं, खोलीचं नव्हे, आणि पुष्कळ बिअर या एका गैरसमजाने बिघडतात. गरम यीस्ट बेफाम वाढतं आणि जड अल्कोहोल तयार करतं, ज्यांना फ्यूजेल म्हणतात. घोटाबरोबर घशात गरमपणा, नाकात स्पिरिटसारखी झिणझिणी. त्यासोबत इथाइल अ‍ॅसिटेट वाढलं तर थेट नेलपॉलिश रिमूव्हर. थोड्या प्रमाणात हाच पदार्थ फळासारखा लागतो, प्रमाण सुटलं की बाटली बाजूला ठेवावी लागते.

हा दोष नंतर निघत नाही. महिने ठेवून थोडा मवाळ होतो, बस. तो टाळायचा असेल तर पहिले तीन दिवस सांभाळायचे, कारण यीस्टची वाढ आणि वासांची पेरणी त्याच दिवसांत होते. महागडी यंत्रणा लागत नाही. फर्मेंटर पाण्याच्या टबात ठेवून सकाळ-संध्याकाळ बर्फ झालेल्या बाटल्या टाकल्या तरी चालतं, ओलं फडकं गुंडाळून समोर पंखा लावला तरी चालतं. जुना फ्रिज आणि थर्मोस्टॅट असलेला कंट्रोलर मिळाला तर उत्तमच. माझं विचाराल तर वर्ट उकळायची नवीन चकचकीत केटल घेण्याआधी तो कंट्रोलर घ्यावा. आणि तापमान सांभाळणं शक्यच नसेल तर नॉर्वेतल्या शेतघरांनी पिढ्यान् पिढ्या जपलेलं क्वाइक यीस्ट वापरावं, ते ३५ अंशांवरही बऱ्यापैकी स्वच्छ आंबवतं.

यीस्ट कमी पडलं तरी ताण येतो. वीस लिटर मध्यम ताकदीच्या एलला ११ ग्रॅमचं कोरडं पाकीट पुरतं. लागरला दुप्पट घ्यावं. थंडीत त्याचा हात चालत नाही, म्हणून माणसं जास्त लागतात म्हणा ना.

दवाखान्याचा वास

बँड-एड, आयोडीन, दवाखान्याचा व्हरांडा. हा वास आला की नळाकडे बघा. पाण्यातल्या क्लोरीनचा माल्ट आणि यीस्टमधल्या फिनॉल गटातल्या पदार्थांशी संयोग झाला की क्लोरोफिनॉल तयार होतात, आणि ते लिटरमागे काही मायक्रोग्रॅम असले तरी कळतात. मिलिग्रॅमचा हजारावा भाग म्हणजे मायक्रोग्रॅम. पिताना पाणी अगदी ठीक लागलं, तरी त्याच पाण्याची बिअर अशी होऊ शकते.

'मी तर पाणी उकळतो' असं कुणी म्हणेल. साधं क्लोरीन उकळून जातं, उघड्या पातेल्यात रात्रभर ठेवूनही बरंचसं जातं. पण अमेरिकेतल्या अनेक शहरांनी क्लोरीनऐवजी क्लोरामाइन वापरायला सुरुवात केली. सॅन फ्रान्सिस्कोमध्ये ते २००४ पासून आहे. क्लोरामाइन नळात जास्त काळ टिकावं म्हणूनच निवडलेलं असतं, आणि आपल्या पातेल्यातही ते तसंच टिकतं. त्यावर उतारा म्हणजे कॅम्पडेन टॅब्लेट, म्हणजे पोटॅशियम किंवा सोडियम मेटाबायसल्फाइट. एक गोळी सुमारे ७५ लिटर पाण्याला पुरते. वीस-पंचवीस लिटरला पाव ते अर्धी गोळी कुस्करून ढवळली की काही मिनिटांत क्लोरीन आणि क्लोरामाइन दोन्हींचा निकाल लागतो. या सगळ्या लेखातला सगळ्यात स्वस्त उपाय हाच. पाण्याच्या कंपनीचा वार्षिक अहवाल बघून आपल्याकडे काय घालतात ते कळतं, नाही बघितला तरी गोळी घालावी. भांडी ब्लीचने धुण्याची सवय असेल तर तीही सोडा.

याच कुळातला दुसरा वास म्हणजे लवंग. बव्हेरियाच्या हेफेवायझेन या गव्हाच्या बिअरमध्ये लवंग आणि पिकल्या केळ्याचा वास हवाच असतो. लवंगेचा वास ४-व्हाइनिल ग्वायकॉलचा, केळ्याचा आयसोअ‍ॅमाइल अ‍ॅसिटेटचा, आणि दोन्ही खास निवडलेलं यीस्ट देतं. तोच लवंगेचा वास साध्या पेल एलमध्ये आला तर ज्याला बोलावलं नव्हतं असं जंगली यीस्ट आत आलंय असं समजावं. वास एकच, पण एका बिअरची ओळख आणि दुसरीचा दोष.

जिभेवर नाणं ठेवल्यासारखी धातूची चव आली तर बिअरचा थेंब हाताच्या पाठीवर चोळून हुंगा. लोह असेल तर वास लगेच तीव्र होतो. विहिरीचं पाणी किंवा गंजलेलं भांडं ही नेहमीची कारणं.

उकळी आणि भिजवण

उकडलेल्या मक्याच्या कणसाचं पाणी, कधी शिजलेल्या कोबीचा वास. हे डायमिथाइल सल्फाइड, ब्रुअर लोक डी.एम.एस. म्हणतात. फिकट पिल्सनर माल्ट कमी उष्णतेवर वाळवलेलं असतं, त्यामुळे त्यात याचा पूर्वज शिल्लक राहतो. जास्त भाजलेल्या माल्टमध्ये तो आधीच उडालेला असतो. वर्ट उकळताना या पूर्वजाचं डी.एम.एस. होतं. साधारण चाळीस मिनिटांत पूर्वज निम्मा उरतो आणि तयार झालेलं डी.एम.एस. वाफेबरोबर निघून जातं. त्याचा उत्कलनबिंदू जेमतेम ३७ अंश, तेव्हा जायला तो तयारच असतो. फक्त पातेल्यावर झाकण नको. झाकणाला लागून थेंब परत आत पडले की गेलेला वासही परत आला. गॅस बंद केल्यावर वर्ट गरम असेपर्यंत डी.एम.एस. तयार होतच राहतं, पण बाहेर घालवायला वाफ नसते, म्हणून गार करणं लांबवू नये. पिल्सनर माल्टला दीड तास उकळी द्या असा जुना सल्ला आहे. आजच्या माल्टला जोरदार उकळी असेल तर एक तास पुरतो असं माझं मत, पण दीड तासाने नुकसान काही नाही, गॅस तेवढा जळतो.

तुरटपणा ही चव कमी आणि स्पर्श जास्त. कच्चं केळं किंवा सुपारी खाल्ल्यावर हिरड्या आवळतात तसं होतं. नवखे याला हॉप्सचा कडवटपणा समजतात आणि पुढच्या वेळी हॉप्स कमी घालतात. फरक काही पडत नाही. तुरटपणा माल्टच्या टरफलातल्या टॅनिनचा असतो. एकदा चहा झालेल्या पुडीतच पुन्हा पाणी ओतून उकळावं तसं माल्टमधला शेवटचा गोडवा काढायला फार गरम आणि फार जास्त पाणी ओतलं की टॅनिन उतरतात. माल्ट धुण्याचं पाणी ७७ अंशांच्या वर नेऊ नये आणि निथळाचा पी.एच. ६ च्या खाली ठेवावा. थोडी साखर टरफलात राहिली तर राहू द्या.

जुन्या, उबेत पडलेल्या हॉप्सचा वास शिळ्या चीजसारखा किंवा घामट मोज्यांसारखा येतो. पाकीट फोडल्यावर फ्रीझरमध्ये हवाबंद ठेवलं की हा प्रश्न मिटतो.

खरं इन्फेक्शन

आता जंतू. सप्टेंबर १८७१ मध्ये लुई पाश्चर लंडनच्या व्हिटब्रेड ब्रुअरीत सूक्ष्मदर्शक घेऊन बसले आणि तिथल्या यीस्टमध्ये बरीच भलती मंडळी आहेत हे त्यांनी दाखवून दिलं. पुढे कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एमिल ख्रिश्चन हॅन्सन यांच्या लक्षात आलं की काही वेळा जिवाणू निर्दोष असतात आणि बिअर बिघडवणारं जंगली यीस्टच असतं. एकाच पेशीपासून शुद्ध यीस्ट वाढवण्याची पद्धत त्यांनी बसवली आणि १८८३ मध्ये कार्ल्सबर्गने ते वापरायला सुरुवात केली. आज घरगुती ब्रुअर ज्या पाकिटावर भरवसा ठेवतो त्याचं मूळ तिथे आहे.

खरं इन्फेक्शन सहसा एकट्या वासाने ओळखू येत नाही, खुणा जोडीने येतात. बिअरवर पांढरी सुरकुतलेली साय धरते, आंबटपणा आठवड्यागणिक वाढतो, ग्रॅव्हिटी अपेक्षेपेक्षा खाली जात राहते, बाटल्या उघडताच उसळतात. व्हिनेगरचा आंबटपणा अ‍ॅसिटोबॅक्टरचा, आणि त्याला हवा लागते. फळमाश्या त्याला पायांवर घेऊन फिरतात, एअरलॉक कोरडा पडला की काम होतं. दह्यासारखा आंबटपणा लॅक्टोबॅसिलसचा. हॉप्समधली कडू आम्लं त्याच्या बऱ्याच जातींना रोखतात, म्हणून कडक आयपीए सहसा आंबट होत नाही. पेडिओकॉकस मात्र आंबटपणाबरोबर डायअसिटिलही देतो. लोण्याचा वास उबेतही कमी न होता वाढतच चालला, तर संशय त्याच्यावर घ्यावा.

स्वच्छता दोन टप्प्यांची. आधी घाण काढायची, मग जंतू मारायचे. चिकटलेल्या थराखालच्या जंतूंपर्यंत स्टार सॅनसारखं सॅनिटायझर पोचतच नाही. सगळे फर्मेंटर घासतात, पण घाण लपते बाटल्या भरण्याच्या बादलीच्या नळात आणि सायफनच्या पाइपात. नळ सुटा करून बघा, आत काय निघतं ते बघून जेवायची इच्छा जाईल. प्लॅस्टिकला ओरखडे पडले असतील तर ते भांडं बदला.

बिघडलेली बिअर विषारी असते का, हा प्रश्न घरचे हमखास विचारतात. बिअरमधलं अल्कोहोल, आम्लता, हॉप्स आणि ऑक्सिजनचा अभाव यामुळे माणसाला आजारी पाडणारे जंतू तिच्यात सहसा वाढू शकत नाहीत. मिथेनॉलची भीती महाराष्ट्रात समजण्यासारखी आहे. जून २०१५ मध्ये मालाडच्या मालवणीत विषारी दारूने १०० हून अधिक माणसं गेली. पण ते मिथेनॉल गावठी दारूत मिसळलेलं होतं. धान्य आंबवून केलेल्या बिअरमध्ये ते नगण्य असतं आणि नको तो वास हे त्याचं लक्षण नाही.

हवा आणि ऊन

यीस्ट सोडताना वर्टला ऑक्सिजन हवा, कारण यीस्टला नव्या पेशींचं पटल (आतला पातळ पडदा) बांधायचं असतं. त्यानंतर तो शत्रू. भरताना बिअर खळाळली की काही आठवड्यांत भिजलेल्या पुठ्ठ्याचा वास येतो. तो ट्रान्स-२-नॉनेनालचा, आणि लिटरमागे मायक्रोग्रॅमचा दहावा भागही नाकाला पुरतो. गढूळ, फळासारख्या आयपीएची अवस्था सगळ्यात वाईट. आठवड्यात आंब्या-संत्र्याचा वास जातो आणि सोनेरी रंग मातकट, जांभळट होतो. हे घरगुती बिअरचं आजचं मोठं दुखणं आहे, आणि गंमत म्हणजे ज्या बिअरला हवा सर्वात जास्त बाधते तीच सगळ्यांना करायची असते. पाइप बाटलीच्या तळापर्यंत न्या, खळखळाट होऊ देऊ नका, केग असेल तर आधी कार्बन डायऑक्साइडने भरून घ्या. बाटलीत साखर घालून फेस आणणाऱ्यांना थोडं अभय आहे, बाटलीतलं जिवंत यीस्ट शिरलेला ऑक्सिजन बराचसा खाऊन टाकतं.

शिळेपणा उष्णतेने वाढतो. ढोबळ हिशोब असा की दर दहा अंशांना वेग दोन-तीन पट होतो. एप्रिल-मेमध्ये विदर्भात ट्रकमधून हिंडलेल्या बाटलीला पुठ्ठ्याचा वास आला तर त्यात ब्रुअरीचा दोष असेलच असं नाही.

उन्हाचं काम याहून वेगवान. हॉप्समधली कडू आम्लं, बिअरमधलं रायबोफ्लेविन आणि निळा प्रकाश एकत्र आले की गंधकयुक्त असा एक रेणू तयार होतो, ज्याचा वास अमेरिकेतल्या रस्त्यांवर येणाऱ्या स्कंक या प्राण्याच्या वासाचा सख्खा भाऊ. लिटरमागे काही नॅनोग्रॅम, म्हणजे मायक्रोग्रॅमचा हजारावा भाग, इतकंच पुरतं. म्हणून बागेत उन्हात ठेवलेला पारदर्शक ग्लास काही मिनिटांत बदलतो. तपकिरी काच निळा प्रकाश बरीच अडवते, हिरवी फार कमी, पारदर्शक जवळजवळ नाही. पारदर्शक बाटलीत विकणाऱ्या काही कंपन्या यासाठी रासायनिक बदल केलेला हॉप्सचा अर्क वापरतात. घरच्यांनी तपकिरी बाटली आणि अंधारं कपाट पुरे समजावं. दुकानातून हिरवी बाटली घेत असाल तर ट्यूबलाइटसमोरची पुढची सोडून मागच्या खोक्यातली मागा.

नाक तयार करणं आणि बिअर वाचवणं

हे वास वाचून कळत नाहीत. बिअरच्या परीक्षकांसाठी मिळणाऱ्या या वासांच्या कुप्या महाग असतात, पण काम स्वस्तातही भागतं. बाजारातली एखादी हलकी, साधी लागर आणा. एक ग्लास अर्धा तास उन्हात ठेवा. दुसऱ्यात कृत्रिम बटर इसेन्सचा अगदी छोटा थेंब टाका. तिसऱ्यात व्हिनेगरचे दोन थेंब, चौथ्यात थोडा कडक कोरा चहा. एक ग्लास तसाच ठेवा. एखादी बाटली आठवडाभर आधी उघडून, हलवून, परत झाकून उबेत ठेवली असेल तर पुठ्ठाही सापडेल. मित्रांना न सांगता ग्लास फिरवा. एका संध्याकाळी जेवढं शिकाल तेवढं वर्षभर फोटो दाखवून 'हे काय झालंय' विचारत बसून शिकणार नाही.

हातातल्या बिअरचं काय करायचं? फर्मेंटरमध्येच लोण्याचा किंवा सफरचंदाचा वास आला असेल तर तापमान २० अंशांवर न्या, फर्मेंटर हलक्या हाताने फिरवून खाली बसलेलं यीस्ट उठवा आणि आठवडा द्या. यीस्ट थकलेलं वाटलं तर थोडं नवं यीस्ट वेगळ्या भांड्यात वर्टवर फसफसू द्या आणि ऐन जोरात असताना बिअरमध्ये घाला. नुसतं कोरडं पाकीट ओतण्यापेक्षा हे कितीतरी बरं. बाटलीत भरलेल्या बिअरला लोण्याचा वास असेल तर फ्रिजमधून काढून दोन-तीन आठवडे खोलीत ठेवा, बाटलीतलं यीस्ट कधीकधी काम पुरं करतं. फ्यूजेल, क्लोरोफिनॉल, पुठ्ठा, मका, तुरटपणा आणि ऊन लागलेली बिअर यांना औषध नाही. बीन्स घालून उकडलेल्या सॉसेजच्या पातेल्यात थोडी खपेल, बाकीची सिंकमध्ये. क्लोरोफिनॉलवाली तर स्वयंपाकातही घालू नका, वास जेवणाला लागतो.

आणि बाटल्या उसळायला लागल्या असतील तर चव नंतर बघा. आत दाब वाढत असतो आणि काच फुटते. सगळ्या बाटल्या लगेच थंड करा, हातमोजे आणि चष्मा घालून, फडक्यात गुंडाळून, बेसिनवर एकेक उघडा. मुलांना त्या वेळी दुसऱ्या खोलीत पाठवा.